कोथिंबिरीच्या पाण्यानं किडनी धुतली जात नाही

कोथिंबिरीचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. किडन्या वर्षानुवर्षं रक्तातलं मीठ आणि विष गाळतात, ते तिथंच साचत जातं, म्हणून एक जुडी चिरून १० मिनिटं उकळायची, गाळून फ्रिजमध्ये ठेवायची, रोज एक ग्लास प्यायची, साचलेलं सगळं लघवीतनं बाहेर पडताना तुम्हाला दिसेल, आणि साइड इफेक्ट शून्य. मी सोलापुरात लॅबमध्ये काम करतो, रोज लघवीचे आणि क्रिएटिनिनचे (रक्तातला एक कचरा, किडनी कमी चालली की वाढतो) सॅम्पल हातातनं जातात, आणि माझ्या सख्ख्या मामांनी शुगर असताना तपासणी पुढं ढकलून हेच पाणी सुरू केलंय, म्हणून आज एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा साचण्याचा. बाकी सगळा मेसेज ह्याच्यावरच उभा आहे आणि हेच चूक आहे. आपण किडनी म्हटलं की चहाची गाळणी डोळ्यासमोर आणतो, चोथा वर राहणार आणि कधीतरी ती आपटून धुवावी लागणार. किडनीत तसं होत नाही. एकेका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे बारीक भाग, असतात, प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. रक्त त्यातनं वाहत जातं आणि जाता जाता त्यातल्या पातळ भागाचा, म्हणजे प्लाझ्माचा, पाचवा हिस्सा बाजूला गाळला जातो, उरलेले चार हिस्से, रक्तपेशी आणि मोठी प्रोटीन्स दुसऱ्या नळीनं सरळ पुढं निघून जातात. म्हणजे जे गाळलं जात नाही ते तिथं थांबतच नाही, रक्ताबरोबर परत फिरायला जातं, मग चोथा साचणार कुठं? आणि वेग बघा, मिनिटाला एक लिटरपेक्षा जास्त रक्त दोन्ही किडन्यांतनं जातं, शरीरात सगळं मिळून ५ लिटरच्या आसपास, म्हणजे चार-पाच मिनिटांत सगळ्या रक्ताएवढं रक्त तिथनं जाऊन येतं.

आता मिठाचं. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्याच्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ. हो, दीड किलो, रोज! त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त नेफ्रॉनच्या नळ्या परत रक्तात ओढून घेतात आणि साधारण तुम्ही जेवढं खाल्लं तेवढं काही ग्रॅम लघवीत सोडतात. दिवसाला दीड किलोचा हिशोब ठेवणाऱ्या अवयवात मीठ पडून राहतं आणि ते काढायला जुडी लागते, हे मला तरी पटत नाही. मला वाटतं ही गडबड मुतखड्यामुळं झाली असावी, तिथं क्षार जमतात हे खरं आहे. पण ते बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेट असतं, भाकरीतलं मीठ नव्हे, आणि खडा म्हणजे गाळणी तुंबणं नव्हे, तो लघवी घट्ट झाली की तिच्यात तयार होतो. आपल्या सोलापूरच्या उन्हात, मे महिन्यात पारा ४२च्या वर असताना यंत्रमागावर दिवसभर घाम गाळणाऱ्यानं पाणी कमी प्यायलं तर ही भीती आहेच, पण तिथं उपयोग पाण्याचा आहे, कोथिंबीर नसली तरी चालतं.

"लघवीत फरक दिसेल" ह्याला दोनच ओळी. पाणी जास्त प्यायलं की लघवी जास्त आणि फिकट होते, कुठलंही पाणी असू दे. उलट किडनीचं नुकसान सुरू होतं तेव्हा लघवीतनं अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रोटीन जायला लागतं आणि ते सुरुवातीला डोळ्याला दिसत नाही, टेस्टमध्येच कळतं.

साइड इफेक्ट शून्य, हे मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. ज्यांची किडनी आधीच कमी चालते त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढू शकतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अशा पेशंटला आहारतज्ज्ञ काय सांगतात, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या, कारण पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. आणि मेसेज म्हणतो नेमकं तेच पाणी गाळून प्या!! निरोगी माणसाला एक ग्लासानं काही होणार नाही, पण हा मेसेज निरोगी माणूस मनावर घेत नाही ओ, ज्याला क्रिएटिनिन वाढलंय म्हणून सांगितलंय तोच घेतो.

किडनी खरंच खराब होते ती कशानं, तर बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगर आणि बीपीनं, त्यानं नेफ्रॉन एकेक करून मरतात आणि मेलेला नेफ्रॉन धुऊन परत येत नाही. उरलेले जास्त काम करत राहतात म्हणून बराच काळ काही कळतच नाही, क्रिएटिनिनसुद्धा निम्मं काम गेलं तरी नॉर्मलच्या आत असू शकतं. दुसरं म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. शरीरात पाणी कमी असताना किडनीकडं येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवणारी द्रव्यं असतात, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तीच बनू देत नाहीत. मामा पाठीसाठी मेडिकलमधनं ह्याच गोळ्या आणून खातात, भर उन्हाळ्यात, कारखान्यातनं घामानं भिजून आल्यावर, आणि त्यावर जुडीचं पाणी पिऊन निश्चिंत राहतात, मला झोप लागत नाही ह्यानं.

मामींशी बोललो काल. गोळ्यांचा डबा त्यांनी काढून ठेवलाय, डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवू. सोमवारी सकाळी मामांना घेऊन जातोय, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन दोन्ही करायचंय, बीपी पण बघून घेऊ.