स्पीड कॅमेरे हटवण्याच्या मागणीमागचे चुकीचे आधार

"स्पीड कॅमेरे म्हणजे निव्वळ वसुली, त्यांच्यामुळे अपघात कमी होत नाहीत, उलट वाढतात, कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने ते बंद केले, आता सगळीकडेच बंद करा," अशा आशयाचा संदेश सध्या फिरत आहे. नुकताच गाडी चालवू लागलेल्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि त्यातले सगळे पटल्याचे कळवले, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले.

त्यातले सर्वांत घातक विधान असे, की मर्यादेपेक्षा दहा किलोमीटर जास्त वेग असला तरी काही बिघडत नाही. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी 50 किलोमीटरवरून 60 वर गेल्यास वेग 20 टक्क्यांनी वाढतो, पण ऊर्जा 44 टक्क्यांनी. दोन सारख्या गाड्यांनी एकाच जागी, सारख्याच जोराने ब्रेक लावले, तर 50 च्या वेगाची गाडी जिथे पूर्ण थांबते तिथे 60 ची गाडी अजून ताशी 33 किलोमीटरच्या वेगाने पुढे जात असते. धोका लक्षात येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत कापले जाणारे अंतर यात धरलेलेच नाही. ते धरले तर हा फरक आणखी वाढतो. त्या जागी रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर पहिली गाडी त्याच्यापाशी थांबते आणि दुसरी त्याला धडकते. असे विधान नवशिक्या चालकांपर्यंत पोहोचवणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

अपघात वाढतात म्हणणाऱ्यांनी कॉक्रेन या संस्थेचा 2010 चा आढावा पाहावा. त्यात 35 अभ्यास तपासले होते. त्यांपैकी 28 अभ्यासांत अपघात मोजले होते आणि त्या सर्वच्या सर्व 28 अभ्यासांत कॅमेरे बसवल्यानंतर अपघात घटलेले आढळले. कॅमेऱ्यांच्या आसपास ही घट 8 ते 49 टक्के होती. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होणाऱ्या अपघातांत ती 11 ते 44 टक्के होती. अभ्यासांचा दर्जा फार तर मध्यम असल्याचे आढाव्यातच नमूद आहे, त्यामुळे नेमक्या टक्क्यांवर वाद जरूर घालावा. घट झाली की वाढ, यावर मात्र तिथे दुमत नाही.

कॅमेरा दिसताच चालक ब्रेक लावतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा वेग वाढवतात, हे खरे आहे. दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे त्यासाठीच असतात.

वसुलीच्या आरोपात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. दंडातून पैसा मिळतो, आणि मर्यादेचा फलक नीट दिसत नसेल तिथे कॅमेरा लावला तर लोकांना संशय येणारच. त्यासाठी फलक सुधारावा, कॅमेऱ्याची जागा बदलावी, दंडाविरुद्ध दाद मागणे सोपे करावे. मर्यादा पाळणाऱ्याला दंड भरावाच लागत नाही, एवढी साधी गोष्ट मात्र संदेशात कुठेही नाही.

राहिला ऑन्टारिओचा दाखला. तिथे नोव्हेंबर 2025 मध्ये कायदा करून कॅमेरे बंद केले, आणि प्रांताच्या प्रमुखांचा मुख्य आक्षेप वसुलीचाच होता. त्याच वर्षी टोरांटोतील सिककिड्स रुग्णालय आणि टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ यांच्या संशोधकांनी त्या शहरातील शाळांजवळचा अभ्यास प्रसिद्ध केला होता: कॅमेरे लागल्यावर वेगमर्यादा ओलांडणाऱ्या गाड्यांचे प्रमाण 45 टक्क्यांनी घटले होते. कॅमेरे निरुपयोगी ठरल्यामुळे बंद झाले, असे त्या प्रांताच्या उदाहरणावरून मुळीच म्हणता येत नाही.