कथा सांगावी, पाठ म्हणू नये

मौखिक कथाकथन म्हणजे पाठ केलेली कथा हावभावांसह म्हणून दाखवणे, हा समज मला या कलेवर अन्याय करणारा वाटतो. 1935 मध्ये मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या अभ्यासकांनी तत्कालीन युगोस्लाव्हियात अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाला त्याने कधीही न ऐकलेले, सुमारे 2300 ओळींचे वीरगीत दुसऱ्या गायकाकडून ऐकवले आणि लगेच तेच गायला सांगितले. अव्दोने कथानक तेच ठेवले, परंतु वर्णने आणि पात्रांच्या भावना गाता गाताच फुलवल्या, आणि गीत 6300 ओळींच्या आसपास गेले. त्याला शब्द पाठ नव्हते. प्रसंगांचा क्रम, ठरावीक पदावली आणि रचण्याची रीत मात्र त्याच्या अंगी पुरती मुरली होती.

त्यामुळे श्रोता हा या कलेचा निम्मा भाग ठरतो. त्याचा हुंकार मंदावला की जाणता कथाकार वर्णन आवरते घेतो, आणि डोळे विस्फारले की तोच प्रसंग लांबवतो. छापील पानाला हे कधीच जमणार नाही.

या कलेचा उपयोग केवळ करमणुकीपुरता मानणाऱ्यांनी इंडोनेशियातील सिमेउलुए बेटाचा अनुभव जरूर विचारात घ्यावा. 1907 मधील त्सुनामीची आठवण तेथील वडीलधाऱ्यांनी गोष्टींतून आणि गाण्यांतून नातवंडांपर्यंत पोहोचवली होती: जमीन जोराने हादरली आणि समुद्र मागे सरला, तर क्षणभरही न थांबता उंचावर पळायचे. 26 डिसेंबर 2004 रोजी पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा हिंदी महासागरात कोणतीही इशारा यंत्रणा नव्हती आणि लाटा काही मिनिटांतच बेटावर पोहोचल्या, तरीही सुमारे 78,000 रहिवाशांपैकी केवळ सात जण दगावले. हे बेट ज्या आचे प्रांतात येते, त्याच्या मुख्य भूमीवर मात्र लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बेटावरच्या लोकांना वाचवले ते ऐकलेल्या गोष्टीने, कारण तिच्यात भीतीसोबत कृतीचा क्रमही होता आणि ती सांगणारे माणूस घरातले, विश्वासाचे होते.

म्हणूनच जुन्या कथाकारांची ध्वनिमुद्रणे करून परंपरा जतन झाली, असे मानायला माझे मन धजत नाही. ध्वनिमुद्रण अवश्य करावे, कारण त्याशिवाय अव्दोचे कर्तृत्वही आपल्याला कळले नसते; मात्र त्यात एका दिवसाचे एक कथन तेवढे उरते. कथाकार हयात असतानाच त्यांच्याजवळ बसून ऐकणारी, चुकतमाकत पुन्हा सांगणारी तरुण मुले तयार करण्यावर वेळ आणि पैसा आधी खर्च व्हायला हवा. शिक्षकांनीही आठवड्यातून एकदा तरी पुस्तक मिटून, मुलांच्या डोळ्यांत पाहत एखादी गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगावी, असा माझा आग्रह आहे.