जुनी हार्ड डिस्क म्हणजे भंगार नव्हे

आज माझ्या भाच्याचा नवा संगणक जोडून देणाऱ्या तंत्रज्ञांनी त्याच्या जुन्या संगणकातली एक टेराबाइटची हार्ड डिस्क हातात घेतली, तिच्यावर छापलेली तारीख वाचली आणि "हे भंगार नव्या मशीनला कशाला लावताय?" असे म्हणत ती टेबलावर आपटली. डिस्क बंद असली तरी ती आपटण्याची वस्तू नव्हे, हे ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे त्यांना मी सांगायचे?

केवळ वय पाहून निकाल देण्याची ही कुठली रीत? डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते आणि 'स्मार्ट' नावाच्या या नोंदी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनात कोणालाही वाचता येतात. खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवर माहिती साठवण्याचे छोटे कप्पे) आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, म्हणजे क्रमांक 5 आणि 197, या दोन ओळी आधी पाहायच्या असतात. माझ्या आग्रहाखातर त्या गृहस्थांनी पाहिले, तेव्हा दोन्हींपुढे शून्य होते. तरी "भरवसा नाही" हे पालुपद सुटले नाही. आता, शून्य नोंदींची डिस्कही अचानक बंद पडू शकते, हे नाइलाजाने मान्य. पण नवी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्कदेखील तशीच बंद पडू शकते, त्यामुळे दुसरी प्रत दोन्ही बाबतींत ठेवावीच लागते.

थोडे शांतपणे लिहायचे तर विंडोज याच डिस्कवरून चालवण्याचा हट्ट आम्ही धरला असता, तर त्यांचे म्हणणे योग्य ठरले असते. विंडोज सुरू होताना असंख्य लहान फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी डिस्कचे हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, नव्या जागी नेण्यात काही मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. मात्र भाच्याचे शाळेपासूनचे फोटो आणि त्याने स्वतः चित्रित केलेले व्हिडिओ यांना नव्या एसएसडीचा सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइटचा वेग कशासाठी हवा? चालू स्थितीतली मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क सलग वाचनात दीडशेच्या आसपास मेगाबाइट देते, आणि व्हिडिओ पाहायला तेवढे पुरून उरते. डिस्क जोडण्याची साटा जोडणी 2003 च्या सुमारास आली आणि ती आजच्या मदरबोर्डवरही, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरही, तशीच बसते. काही मदरबोर्डांवर एम.2 ची (एसएसडी थेट बसवण्याच्या खाचेची) विशिष्ट जागा वापरली की एखादे साटा पोर्ट बंद होते, म्हणून डिस्क दिसली नाही तर ती मेली असे जाहीर करण्यापूर्वी केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी, एवढेच.

एका गोष्टीवर मात्र मी अडूनच बसले. एसएसडीवर विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायला लावली, कारण दोन्ही जोडलेल्या असल्या की बूटचा, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा, भाग कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतो आणि पुढे ती काढली तर नवा संगणक सुरूच होत नाही. "असे कधी होत नाही," असे ते म्हणाले. होते, आणि तेव्हाही दोष जुन्या डिस्कलाच दिला जातो.