‘शील ज्याचं त्याचं, इतरांनी बोलू नये’: हे कुठल्या विनयात लिहिलंय?

वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ, लागला की ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मथितार्थ असा: बौद्ध धम्मात शील ही ज्याची त्याची खासगी बाब; भिक्खूंना उपासकाने, म्हणजे गृहस्थ अनुयायाने, जाब विचारायचा नाही; चूक दाखवणे म्हणजे द्वेष; झालेगेले विसरून मैत्रीभावना केली की पुरे. वाचायला गोड आहे, पण विनयपिटकाशी, म्हणजे भिक्खूसंघाच्या नियमांच्या ग्रंथाशी, याचा मेळ बसत नाही.

शील स्वतःहून घ्यायचे असते, कुणी लादत नाही, एवढे खरे. पण घेतल्यावर ते एकट्यानेच सांभाळायचे असते, हे कुणी सांगितले? थेरवादी परंपरेतल्या भिक्खूंचे २२७ नियम दर पंधरवड्याला उपोसथाच्या (व्रताच्या) दिवशी संघासमोर म्हटले जातात. त्याला किमान चार भिक्खू लागतात. नियम मोडला असेल त्याने पठणाआधीच सोबतच्या भिक्खूजवळ कबुली द्यायची. दोघांची चूक एकच असेल तर एकमेकांजवळची कबुली चालत नाही. का, ते सांगायला नको. दोघेही एकमेकांना सांभाळून घेतील. वर्षावास संपताना पवारणा हा विधी होतो. तेव्हा ज्येष्ठ भिक्खूपासून सुरुवात करून प्रत्येक जण संघाला विनवतो, की माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा.

उपासकाने विचारायचे नाही, हा तर सर्वांत पोकळ मुद्दा. बुद्धांच्या काळात उदायी भिक्खू एका स्त्रीसोबत एकांतात बसलेला विशाखा या उपासिकेला दिसला. ती बोलली, आणि विश्वासार्ह उपासिकेच्या शब्दावरून भिक्खूवर कारवाई व्हावी असा नियमच झाला. मच्छिकासंड गावचा चित्त गहपती (गृहस्थ) हा दुसरा दाखला. आपल्याला न विचारता चित्ताने पाहुण्या थेरांना (ज्येष्ठ भिक्खूंना) जेवायला बोलावले म्हणून सुधम्म भिक्खू रुसला. जेवणाच्या दिवशी सकाळीच तयारी बघायला आला आणि म्हणाला, सगळे आहे, फक्त तिळाची वडी नाही. हा चित्ताच्या घराण्यावर मारलेला टोमणा होता. बुद्धांनी सुधम्मालाच चित्ताची क्षमा मागायला लावली, तीही एक भिक्खू सोबत देऊन. चित्ताने क्षमा केली नाही तर सोबत्याने रदबदली करायची, तरीही नाही तर संघाच्या नावाने विनंती करायची, इथवर पायऱ्या ठरलेल्या आहेत. कोसंबीच्या भांडकुदळ भिक्खूंना तर उपासकांनी वंदन आणि भिक्षा बंद करूनच ताळ्यावर आणले.

द्वेषाचे म्हणाल, तर धोका खरा आहे. म्हणूनच बोलणाऱ्यावर पाच अटी आहेत: योग्य वेळी, खरे तेच, मृदू शब्दांत, हिताचे, आणि मनात मैत्री ठेवून. गावच्या विहारात बहुतेकदा पहिलीच अट मोडते. भर सभेत, माईकवरून, जयंतीच्या वर्गणीच्या वादात कुणाचे तरी दारूचे व्यसन निघते. माणूस विहाराची पायरी चढायचा थांबतो आणि व्यसन तसेच राहते. आधी एकट्याला गाठावे. पाठीमागे चर्चा करू नये. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या धम्मचारींच्या दहा शीलांपैकी चार वाणीचीच आहेत, ती उगीच नाहीत.

विसरून जाण्याबद्दल थोडक्यात. संघादिसेस, म्हणजे संघापुढे प्रायश्चित्त घ्यावे लागणारा गंभीर दोष, जितके दिवस लपवला, तितके दिवस परिवास (हक्क कमी करून राहण्याची शिक्षा) भोगावा लागतो, त्यानंतर सहा रात्रींचे मानत्त हे प्रायश्चित्त. मग त्या भिक्खूला संघात पूर्ववत घ्यायला वीस भिक्खू लागतात. एकोणीस असले तरी चालत नाही. म्हणजे लपवणे जितके लांबेल तितके महाग पडते. गृहस्थाला ही प्रक्रिया लागू नाही. पण बुद्धांनी आपला मुलगा राहुल याला दिलेला उपदेश गृहस्थाच्याही कामाचा: कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासावे, कायेने वा वाणीने घात झाला असेल तर जाणत्या सोबत्याजवळ उघड करावे.

आणि पैशाचा घोळ? राजाचे लाकूड उचलणाऱ्या धनिय भिक्खूच्या प्रकरणात बुद्धांनी विचारले, राजा बिंबिसार किती किमतीच्या चोरीला शिक्षा करतो? उत्तर आले, एक पाद (त्या काळचे नाणे). तेवढ्या चोरीला भिक्खूपण संपते, असा नियम झाला. म्हणजे राज्याचा कायदाच माप धरला. तेव्हा विहाराच्या देणगीत अफरातफर झाली तर ‘आपसात मिटवू’ म्हणायला धम्माचा आधार शोधू नये. दानपेटी दोघांसमोर उघडावी, रक्कम मोजून तिथेच वहीत लिहावी, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि महिन्याचा हिशेब विहाराच्या फलकावर लावावा.