‘वादळं कोकणात येत नाहीत’: फिरत्या मेसेजला एकेका मुद्द्याचं उत्तर

मे महिना संपत आला की गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपवर आला, त्यातल्या दोन ठिकाणी वर ‘शंभर टक्के खरं’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: वादळं कोकणात येत नाहीत, ती गुजरातला नाहीतर ओमानला जातात. सह्याद्री आपल्याला राखतो. हवामान खात्याचे अलर्ट दहातले नऊ फुकट जातात. आपले बापजादे समुद्राकडे बघून हवामान ओळखायचे, त्यांना कसली तयारी लागली नाही. वादळ आलंच तर दारं-खिडक्या उघडी ठेवा, हवा आरपार जाते आणि छप्पर उडत नाही. आणि घर सोडून शाळेत जाऊन बसू नका, मागे घर कोण बघणार?

पाठवणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात वाईट नाही. त्यातले दोघं माझ्या नात्यातलेच आहेत. पण आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येते इतकं किनाऱ्याला लागून आहे, आणि ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ आलं त्या दिवशी, मी त्या घरात होतो. त्यामुळे हा मेसेज वाचून पुढे सरकता येत नाही.

‘वादळं कोकणात येत नाहीत’

या समजुतीला थोडा आधार आहे, तो आधी मान्य करतो. अरबी समुद्रातली बरीच वादळं पश्चिमेला नाहीतर वर गुजरातकडे वळतात. २०१९ च्या ऑक्टोबरातलं क्यार ओमानच्या दिशेनं गेलं, २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. पण त्या दोन्ही वेळी सिंधुदुर्गात काय झालं ते तिथल्या माणसांना विचारा. क्यार समुद्रातूनच निघून गेलं, तरी उधाणाचं पाणी किनाऱ्यावरच्या वस्त्यांत शिरलं आणि देवगड बंदर आसऱ्याला आलेल्या बोटींनी भरून गेलं. तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या घरांची छपरं आणि आंब्याची झाडं घेऊन गेलं. दोन्ही वादळं ‘गुजरात-ओमानची’च होती.

जी वादळं थेट आपल्याकडे आली ती वेगळीच. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं. मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता, बोटी समुद्रात होत्या, आणि कोकणातले कित्येक खलाशी परत आलेच नाहीत. त्यानंतर निसर्ग. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं, पण वादळ म्हणजे नकाशावर काढलेला ठिपका नसतो. त्याच दिवशी तिथून कितीतरी दक्षिणेला, रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर एक आख्खं जहाज येऊन आदळलं. आमच्या बाजूला केळशी, आंजर्ले, हर्णै इथल्या नारळ-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळीचं रोप लावून धड उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षं जातात. ज्यांनी तेव्हा पुन्हा लावणी केली त्यांची झाडं आज कुठे उभी राहिली आहेत.

आणि ‘आजवर आलं नाही’ हा हिशेबही आता जुना झाला. एकट्या २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळाच्या नोंदी तपासल्या. त्यांत उत्तरार्धात अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या निम्म्याहून जास्त वाढलेली दिसली. समुद्राचं पाणी तापलंय, आणि वादळाचं इंधन तेच.

या मुद्द्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेळेची. निसर्गला चक्रीवादळ म्हणून नाव मिळालं २ जूनला. ते जमिनीवर आलं ३ जूनच्या दुपारी. मध्ये एक दिवस आणि एक रात्र. तेवढ्यात वाकलेला माड तोडून होत नाही, पत्र्याचे गंजलेले हुकबोल्ट बदलून होत नाहीत, तालुक्याच्या बाजारातून ताडपत्री आणून होत नाही. वादळ येणार की नाही हे कळल्यावर तयारीला लागायचं, असं म्हणणाऱ्याच्या हातात एवढाच वेळ असतो.

‘सह्याद्री आपल्याला राखतो’

सह्याद्री आपल्या पूर्वेला आहे आणि वादळ येतं पश्चिमेकडून. मध्ये काहीच नाही. उलट समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि सगळं पाणी आपल्याच अंगावर रिकामं करतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी दोन-तीन खुणा लक्षात ठेवाव्यात: जमिनीला किंवा भिंतीला अचानक गेलेली भेग, उतारावर नव्यानं फुटलेला झरा किंवा नेहमीच्या झऱ्याला आलेलं गढूळ पाणी, तिरपी होत चाललेली झाडं आणि विजेचे खांब. यातलं काहीही दिसलं तर रात्र तिथे काढू नये.

‘दहातले नऊ अलर्ट फुकट जातात’

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसानही हाच करतो.

निसर्गच्या दिवशी संध्याकाळी मुंबईहून फोन येत होते. म्हणजे ज्यांचे लागत होते त्यांचे. ‘इकडे काही झालं नाही रे, टीव्हीवाल्यांनी उगाच घाबरवलं.’ मुंबईला इशारा होता आणि मुंबई वाचली, हे खरं. पण ती वाचली कारण वादळ थोडं खाली, श्रीवर्धनच्या अंगाला, चढलं. तो इशारा खोटा ठरला नव्हता. मुंबईकरांच्या वाट्याचं वादळ आम्ही घेतलं होतं.

खात्याच्या नकाशावर वादळाची वाट पुढे पुढे रुंद होत गेलेली दाखवतात, नरसाळ्यासारखी. त्याचा अर्थ एवढाच की केंद्र या पट्ट्यातून कुठूनही जाऊ शकतं. पट्ट्यातल्या सगळ्या गावांना ते बसणार असं त्यात म्हटलेलं नसतं. पण कुठल्या गावाला बसणार हे दोन दिवस आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच सांगावं लागतं. पावसाच्या अलर्टचंही तेच. तो जिल्ह्याला असतो, आणि रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेला आहे. खेडला ढगफुटीसारखा पाऊस आणि राजापूरला ऊन, असं आपणच कितीदा बघितलंय. राजापूरकराचा अलर्ट फुकट गेला असेल, खेडकराचा नाही.

रंगांचे अर्थही बहुतेकांना कुणी समजावून सांगितलेले नाहीत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा: मोबाईल आणि पॉवर बँक चार्ज, पाणी भरलेलं, औषधं हाताशी, बोट सुरक्षित. लाल म्हणजे आता हालचाल करा. लाल म्हणजे शाळेला सुट्टी, एवढंच मुलांना माहीत असेल तर चूक मुलांची नाही.

मच्छीमारांना हे वेगळं सांगायला नको. बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे इशाऱ्याची खूण, लागला की तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बोट काढत नाही. त्या दिवशी समुद्र शांत राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी तो बावट्याला खोटं म्हणत नाही. तौक्तेच्या वेळी इशारे काही दिवस आधीपासून निघत होते. तरी १७ मे २०२१ ला मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज (सपाट तळाचं जहाज) बुडाला आणि सत्तरहून जास्त माणसं गेली. नऊ वेळा फुकट गेलेल्या तयारीची किंमत म्हणजे दोन-चार तासांचं काम आणि एका दिवसाचा खाडा. दहाव्या वेळची किंमत ती नसते.

‘बापजाद्यांना तयारी लागली नाही’

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण आपल्या माणसांबद्दल याहून चुकीचं काही बोलता येणार नाही. आगोट हा शब्द कोणाचा आहे? पाऊस लागायच्या आधी तांदूळ, डाळी, मीठ, मसाला, सुकी मासळी, सरपण, सगळं चार महिन्यांचं भरून ठेवणारी माणसं ही. मे महिन्यात कौलं परतायची, पडवीला झापं बांधायची, पन्हळी साफ करायच्या, होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. त्यांच्यासारखी तयारी आज आपण करत नाही, कारण दुकान कोपऱ्यावर आहे आणि गॅस फोनवर येतो.

समुद्राचा रंग, लाटेचा आवाज, पक्ष्यांचं आत येणं यांवरून जुनी माणसं पुष्कळ ओळखायची, आणि ती नजर अजून ज्यांच्याकडे आहे त्यांचं जरूर ऐकावं. पण दोन-तीन दिवसांच्या पल्ल्यावर गेलेल्या ट्रॉलरला किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्याची नजर पुरत नाही. तिथे वायरलेसच लागतो.

म्हणून मी म्हणतो, आगोटच थोडी वाढवा. निसर्गनंतर आमच्याकडे कित्येक गावांत महिनाभर लाईट नव्हती, मोबाईलचं नेटवर्क नव्हतं, रस्त्यांवर झाडं होती. लाईट नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी उमगलं, विहिरीवर रहाट नव्हता तेव्हा. त्यामुळे घरात दोर आणि कळशी असू द्या. सेलवरचा रेडिओ असू द्या, नेटवर्क गेल्यावर आकाशवाणी रत्नागिरी हाच एक आवाज उरतो. विहिरीत पुराचं पाणी शिरलं तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय ते पिऊ नका. बीपी, शुगरची औषधं निदान महिन्याची. थोडे रोख पैसे, कारण लाईट गेली की एटीएम आणि स्कॅनर दोन्ही बंद. रेशन कार्ड, आधार, सातबारा, बँकेचं पासबुक एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत. आणि आत्ताच, उभं असतानाच, घराचे आणि वाडीचे फोटो काढून मुंबईतल्या कुणाला तरी पाठवून ठेवा. पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा इथे किती झाडं उभी होती हे तोंडी सांगत बसावं लागतं. आम्ही बुंधे मोजून दाखवले होते.

जून लागायच्या आत तयार नारळ उतरवून घ्या. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात सुटलेला नारळ भिंतीवर कसा आपटतो ते मी ऐकलंय.

‘दारं-खिडक्या उघड्या ठेवा’

या एका ओळीनं माणूस मरू शकतो.

यामागचं म्हणणं असं की बाहेर हवेचा दाब एकदम उतरतो आणि आतली कोंडलेली हवा छप्पर उडवते. पण आपल्या घरांत हवा कोंडतेच कुठे? कौलांच्या फटी, माळ्याचे झरोके, पत्रा आणि भिंत यांमधली पोकळी. आत-बाहेरचा दाब आपोआप सारखा होत राहतो. छप्पर उडतं ते वेगळ्या कारणानं. वारा छपरावरून वेगानं सरकतो तेव्हा तो त्याला वर ओढतो. त्यात वाऱ्याच्या तोंडची खिडकी उघडी असली की तोच वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो. वरून ओढ आणि खालून रेटा. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

आमच्या मागच्या पडवीचं दार वाऱ्यानं निखळलं. त्यानंतर पडवीचे पत्रे जायला मोजून काही मिनिटं लागली. माजघराची दारं आम्ही आतून अडसर लावून धरली होती, ते छप्पर राहिलं.

‘निदान वाऱ्याच्या पाठची खिडकी उघडू’ म्हणाल तर तेही नको. त्या दिवशी सकाळी आमच्याकडे वारा डोंगराकडून होता, दुपारी तोच समुद्राकडून यायला लागला. वादळ पुढे सरकतं तशी दिशा फिरते. ज्या गावावरून वादळाचा डोळा जातो तिथे तर वारा मध्येच पडतो, आभाळ उजळतं, लोक पत्रे गोळा करायला बाहेर येतात, आणि थोड्या वेळात उलट्या दिशेनं तेवढाच जोरदार वारा सुरू होतो. वादळ पुढे गेल्याचं रेडिओवर सांगेपर्यंत बाहेर पडायचं नाही.

सगळं बंद करा, मेन स्विच पाडा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा, आणि घरातल्या सगळ्यात आतल्या, लहान खोलीत बसा. झाडाच्या टप्प्यातल्या खोलीत बसू नका. बाहेर आल्यावर तुटून पडलेल्या तारेला हात लावू नका, ती मेलेली वाटली तरी.

‘घर सोडू नका’

चिऱ्याचं पक्कं घर, वर स्लॅब, किनारा आणि खाडी लांब, डोंगर लांब, मोठं झाड जवळ नाही: अशा घरात राहणाऱ्याला कुणी निघायला सांगत नाही. पण पत्र्याचं किंवा मातीचं घर असेल, भरतीचं पाणी अंगणापर्यंत येत असेल, तर घराला तुम्ही राखू शकत नाही. तुम्ही आत असलात काय, नसलात काय, पत्रा तेवढाच उडतो. निसर्गच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून हजारो माणसं शाळांत, समाजमंदिरांत नेली गेली, तीही कोरोनाच्या दिवसांत. एवढं मोठं वादळ थेट अंगावर येऊनही राज्यातल्या मृतांची संख्या एक आकडी राहिली, यात त्या हलवण्याचा वाटा मोठा आहे.

चोरीची भीती मी समजू शकतो. दागिने आणि कागद बरोबर घ्या, कुलूप लावा, पोलीस पाटलांना सांगून निघा. निघायचं ते उजेडात आणि वारा सुटायच्या आधी. म्हाताऱ्यांना आणि गरोदर बाईला आदल्या दिवशीच हलवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७, सगळ्या आणीबाणीसाठी ११२, समुद्रात कुणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, हे आकडे मोबाईलमध्ये नकोत, दाराच्या मागे खडूनं लिहा.

आणि गुरांची दावी सोडून निघा. गोठ्याच्या आढ्याखाली बांधलेलं जनावर कुठे जाणार? मोकळं असेल तर ते आपली जागा शोधतं. आमच्या शेजाऱ्यांची म्हैस चौथ्या दिवशी वरच्या वाडीतून आपल्या पायांनी परत आली.