जर्नल आहे, मग फ्रीझ कशाला?

व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरत असतो. (आधी शब्द: खालचं खरं मशीन ते होस्ट, त्यावर चालणारं व्हर्च्युअल मशीन ते गेस्ट. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कचं त्या क्षणाचं चित्र. फ्रीझ म्हणजे त्यासाठी फाइल सिस्टीमवरचं लेखन गोठवणं, थॉ म्हणजे ते पुन्हा सोडणं. एजंट म्हणजे गेस्टच्या आत बसून होस्टचे हुकूम ऐकणारा छोटा प्रोग्राम. जर्नल ही फाइल सिस्टीमची बदलांची नोंदवही.) त्याचा मसुदा साधारण असा: "ईएक्सटी४, एक्सएफएस, एनटीएफएस सगळ्या जर्नलवाल्या फाइल सिस्टीम आहेत. स्नॅपशॉट क्षणात होतो. रिस्टोअर केल्यावर फार तर वीज गेल्यासारखं होईल, जर्नल आणि डेटाबेस सावरून घेतील. एलव्हीएमचे (लिनक्समध्ये डिस्कचे भाग, म्हणजे व्हॉल्यूम, पाडणारी सोय) स्नॅपशॉट वर्षानुवर्षं घेतोय, कधी फ्रीझ केलं नाही. फ्रीझ केलं की बॅकअपभर मशीन बंद राहतं, कधी कधी कायमचं अडकतं. फारच वाटलं तर आधी सिंक मारा, पण एजंटचा पर्याय बंद ठेवा."

यात खऱ्याची भेसळ पुरेशी आहे, म्हणूनच तो पटतो. एकेक मुद्दा घेऊ.

"जर्नल सावरून घेईल." जर्नल फाइल सिस्टीमचा हिशेब सावरतं, तुमच्या फाइलमधला मजकूर नव्हे. ईएक्सटी४चा मूळ मोड 'ऑर्डर्ड' असतो. त्यात जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा जातो: कुठली फाइल, कुठल्या ब्लॉकवर, किती लांबीची. मजकूर आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे गेस्टच्या रॅममध्ये पडून असतो. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तो 30 सेकंद जुना झाला की मग डिस्कवर उतरवायला घेतला जातो. आणि होस्टवरून घेतलेल्या डिस्कच्या स्नॅपशॉटला गेस्टची रॅम दिसत नाही.

एक उदाहरण जवळून बघा. कोणीतरी एक पीडीएफ अपलोड केली. अ‍ॅप्लिकेशनने फाइल लिहिली आणि बंद केली, एफसिंक, म्हणजे मजकूर तत्काळ डिस्कवर उतरवायला लावणं, केलं नाही (करायला हवं, पण कोण करतं?). मग डेटाबेसमध्ये नोंद टाकून कमिट केलं. डेटाबेस मात्र इमानदारीत एफसिंक करतो. दहा सेकंदांनी स्नॅपशॉट झाला. काही दिवसांनी तो बॅकअप रिस्टोअर केलात, तर बूट होताना 'रिकव्हरिंग जर्नल' अशी एक ओळ येते आणि सगळं सुरळीत चालू होतं. फाइल सिस्टीम तपासणाऱ्या एफएससीकेची काही तक्रार नाही. नोंद जागेवर, त्या नावाची फाइलही जागेवर, फक्त फाइलची लांबी 0. कारण ईएक्सटी४ ब्लॉक वाटपच लांबणीवर टाकतं. मजकूर डिस्कवर जाईपर्यंत लांबीही नोंदली जात नाही. जर्नलच्या दृष्टीने यात काहीही चुकलेलं नाही! त्याने त्याचं काम चोख केलं.

फ्रीझ नेमकी ही फट बुजवतं. नवं लेखन दारातच थांबवतं, पेज कॅशमधलं सगळं डिस्कवर उतरवतं, मग जर्नल रिकामं करून 'रिकव्हरी हवी' ही खूणही पुसतं. त्या क्षणी घेतलेली डिस्क जवळजवळ नीट अनमाउंट केल्यासारखी असते.

"डेटाबेस सावरून घेईल." हे अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. पोस्टग्रेस आपली 8 केबीची पानं वॉलच्या, म्हणजे बदलांच्या आधी लिहिलेल्या लॉगच्या, आधारे दुरुस्त करतो, मायएसक्यूएलच्या इनोडीबीकडे 16 केबीच्या पानांसाठी डबलराइट बफर (पानाची आधी लिहून ठेवलेली प्रत) आहे. सगळा डेटाबेस एकाच डिस्कवर असेल तर अचानक वीज जाण्यातून ते उठतात. त्यासाठीच ते बांधलेत. पण डेटा एका व्हर्च्युअल डिस्कवर, वॉल दुसऱ्यावर, आणि स्टोरेज दोन्हींचे स्नॅपशॉट एकामागून एक घेत असेल, तर? मधल्या अर्ध्या सेकंदात एकीकडे पुढे गेलेली पानं आणि दुसरीकडे मागे राहिलेला वॉल, अशी जोडी हाती येते. प्रत्यक्ष वीज गेली तर दोन्ही डिस्क एकदम थांबतात. म्हणजे ही तुलनाच इथे लागू पडत नाही. दोन्ही फाइल सिस्टीम आधी फ्रीझ केल्या, तर स्नॅपशॉट पुढेमागे झाले तरी मधे काही लिहिलंच जात नाही.

(डेटाबेस थेट रॉ डिव्हाइसवर लिहीत असेल तर फ्रीझ त्याला अडवत नाही. तिथे फाइल सिस्टीमच नाही.)

"एलव्हीएमला कधी फ्रीझ लागलं नाही." लागलं होतं, तुम्हाला दिसलं नाही इतकंच. माउंट असलेल्या व्हॉल्यूमचा एलव्हीएम स्नॅपशॉट घेताना डिव्हाइस मॅपर ते व्हॉल्यूम सस्पेंड करतो, आणि तेव्हा कर्नल वरची फाइल सिस्टीम आपणहून फ्रीझ करतं. हे जमतं, कारण फाइल सिस्टीम आणि व्हॉल्यूम एकाच कर्नलच्या हाताखाली आहेत. व्हीएमची डिस्क होस्टच्या लेखी नुसते ब्लॉक. आत ईएक्सटी४ आहे की एनटीएफएस, होस्टच्या कर्नलला माहीत नाही. तो निरोप आत पोहोचवायला कोणीतरी लागतं, आणि तेच क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) गेस्ट एजंटचं काम. या एका गोष्टीमुळे जुन्या, अनुभवी लोकांचाही गैरसमज होतो असं माझं मत आहे.

"आधी सिंक मारा." सिंक, म्हणजे साचलेलं लेखन डिस्कवर उतरवणारी कमांड, पाणी उपसतो, नळ बंद करत नाही. सिंक संपून स्नॅपशॉट होईपर्यंत नवं लेखन साचलेलंच असतं.

"बॅकअपभर मशीन बंद राहतं." नाही. फ्रीझ, स्नॅपशॉट, लगेच थॉ. डेटा वाहून नेण्याचं लांबलचक काम त्यानंतर सुरू होतं. प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवायची एक प्रणाली) बॅकअपचा लॉग उघडा: फ्रीझ आणि थॉ या दोन्ही ओळी सुरुवातीलाच येतात, टक्केवारी त्यांच्यानंतर. मग बॅकअप चालू असताना मशीन रेंगाळतं का? ते बऱ्याचदा खरं असतं, पण कारण वेगळं. जो ब्लॉक अजून कॉपी व्हायचा आहे त्यावर गेस्टने लिहायला घेतलं, की जुना ब्लॉक आधी बॅकअपच्या ठिकाणी जातो, मगच नवं लेखन होतं. बॅकअपचं ठिकाण संथ असेल तर गेस्टही संथ. प्रॉक्समॉक्सने 8.2 मध्ये फ्लीसिंग (जुना ब्लॉक आधी जवळच्या वेगवान डिस्कवर ठेवणं) आणलं ते यासाठीच. एजंट बंद करून यात काडीचा फरक पडत नाही.

"कायमचं अडकतं." हा मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांचा मला रागच येतो. विंडोजमध्ये व्हीएसएसला, म्हणजे तिथल्या स्नॅपशॉटच्या सेवेला, मुदत आहे: अ‍ॅप्लिकेशनच्या रायटर्सना 60 सेकंद, फाइल सिस्टीमला 10 सेकंद; त्यात जमलं नाही तर प्रयत्न फसतो, मशीन सुटतं. लिनक्सच्या फ्रीझला मुदत नाही. बॅकअपचं काम फ्रीझ आणि थॉच्या मधेच मेलं, तर लिहायला गेलेली प्रत्येक प्रोसेस 'डी' अवस्थेत (डिस्कची वाट बघत, मारूनही न मरणारी) जाऊन बसते. एसएसएचने आत शिरायला जाल तर लॉगिनची नोंद लिहिण्यातच अडकाल.

दुसरं नेहमीचं कारण लूप डिव्हाइस. फाइलमध्ये बनवलेली फाइल सिस्टीम टेम्पवर, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरवर, माउंट केलेली असते. ती फाइल ज्या फाइल सिस्टीमवर आहे ती आधी गोठली, तर आतलीला आपला मजकूर उतरवायला जागाच नाही. दोघी एकमेकींची वाट बघतात. एजंट माउंटच्या उलट्या क्रमाने फ्रीझ करतो तो हे टाळण्यासाठीच, तरी विचित्र मांडणीत अडचण येऊ शकते. टेम्पसाठी टीएमपीएफएस (रॅममधली फाइल सिस्टीम) वापरा, प्रश्न मिटतो. अडकलंच तर होस्टवरून एजंटला थॉचा हुकूम द्या. गोठलेल्या अवस्थेत तो लॉग लिहिणं थांबवतो आणि मोजकेच हुकूम ऐकतो, थॉ त्यातलाच. एजंटही मेला असेल तर मॅजिक सिसआरक्यूचं (थेट कर्नलला हुकूम देणाऱ्या कळांचं) 'जे' अक्षर आहे, जबरदस्तीने थॉ करणारं.

आता उलट बाजूची चूक. एजंटचा पर्याय चालू केला म्हणजे अ‍ॅप्लिकेशनही सुसंगत झालं, असं समजणारेही कमी नाहीत. लिनक्सवर एजंट फक्त फाइल सिस्टीम थांबवतो. डेटाबेसला सांगायचं तर हूक स्क्रिप्ट (फ्रीझच्या आधी आणि थॉच्या नंतर एजंट चालवतो ती) तुम्हीच लिहायची. मायएसक्यूएलच्या हूकमध्ये हमखास दिसणारा घोळ असा: 'फ्लश टेबल्स विथ रीड लॉक' (सगळ्या टेबलांवरचं लेखन रोखणारा हुकूम) एका ओळीच्या कमांडने चालवतात. कमांड संपते, कनेक्शन तुटतं, त्यासरशी लॉकही सुटतो, आणि फ्रीझ त्यानंतर होतं. क्यूईएमयूसोबत येणाऱ्या नमुना स्क्रिप्टमध्ये नेम्ड पाइप वापरून ते कनेक्शन थॉपर्यंत उघडं ठेवलेलं आहे. तेवढा भाग 'अनावश्यक' म्हणून काढून टाकलेल्या स्क्रिप्ट मी पाहिल्या आहेत.

तुमच्याकडे काय चाललंय हे बघायला बॅकअप बाजूच्या मशीनवर, नेटवर्क तोडून, रिस्टोअर करा आणि कन्सोलकडे लक्ष ठेवा. ईएक्सटी४च्या गेस्टवर पहिल्याच बूटला 'रिकव्हरिंग जर्नल' दिसलं, तर स्नॅपशॉटच्या क्षणी ती फाइल सिस्टीम गोठलेली नव्हती, पर्याय चालू असो वा नसो.