हद्दीपलीकडे सोडून दिल्याने माणूस बरा होत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरला. रस्त्यावर राहणाऱ्यांना ना भाडे ना कर्जाचा हप्ता, म्हणून ते आपल्यापेक्षा सुखी असतात. ते सगळे दारुडे असतात. घर दिले तरी त्यात राहत नाहीत. आणि त्यांतल्या वेडसरांना गाडीत घालून महाराष्ट्राच्या हद्दीत सोडून द्यावे, असे त्यात म्हटले होते. तो वाचून माझ्या आईने बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या बाईंना सकाळचा चहा देणे थांबवले, तेव्हा मला गप्प बसवले नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो सर्वांत घातक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळल्यास पोलिसांनी तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे असते. तिला कोठडीत ठेवता येत नाही. ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून तिच्या घरच्यांचा शोध घेणे हेही ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. आता बैलहोंगल किंवा गोकाककडच्या एखाद्या आजारी माणसाला राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीपलीकडे, महाराष्ट्रात उतरवून दिले, तर त्याचे घरचे लोक इकडच्या ठाण्यात खेटे घालत राहतील आणि तो तिकडे दुसऱ्या राज्याच्या रस्त्यावर असेल. त्याला घरी पोहोचवणारा एकुलता एक धागा आपणच तोडलेला असेल. शिवाय याच कायद्याने बेघरांना मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे आणि धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था आपल्यापासून फार तर दोन तासांच्या वाटेवर आहे.

‘दिवसभर निवांत झोपतात’ असेही त्या संदेशात होते. आमच्या गल्लीतल्या बाई दिवसा झोपतात हे खरे आहे. दुकानाच्या पायरीवर जुना फ्लेक्स दुहेरी घालून, चपला पदरात बांधून त्या पडलेल्या असतात. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “रात्री डोळा लागला की कुणीतरी येतं.” महिनोन्महिने अशी झोप मोडत गेली, तर धडधाकट माणसाचेही मन ढासळेल.

दारूबद्दलचे विधान अर्धे खरे आहे, हे मान्य करावे लागते. श्रीमंत देशांतल्या ३९ अभ्यासांच्या २०२१ मधील एकत्रित आढाव्यात सुमारे ३७ टक्के बेघरांमध्ये मद्याशी निगडित विकार आढळला. ते प्रमाण मोठे आहे, पण त्याला ‘सगळे’ म्हणत नाहीत.

घर दिले तरी राहत नाहीत, याचे उत्तर कॅनडाने दिले आहे. तिथे २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतील, मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघरांचा अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटाला दारू सोडण्याची किंवा औषधे घेण्याची पूर्वअट न घालता घर आणि सोबत आधार दिला गेला. शेवटच्या सहा महिन्यांत त्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात राहिले. नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते.

ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला त्यांनी तो पुसून टाकावा आणि अशी व्यक्ती दिसल्यास ११२ वर फोन करून कलम १०० चे नाव घेऊन मदत मागावी. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ ही सरकारची मोफत टेली-मानस सेवा आहे.